लेक वर्षभरासाठी लीड्सला चाललीय: कोल्हापुरातून तयारी कुठून सुरू करू?

पंचगंगाकाठ | १० मे, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लेकीला इंग्लंडात लीड्सला एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळालाय. विषय पाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकी. (नागाळा पार्कात राहून दोनदा पुराचा गाळ उपसलेल्या पोरीनं दुसरं काय शिकायचं!) वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात. ऑफर आलीय, डिपॉझिट भरलंय, कर्जाचं अजून ठरत नाही.

घरात तयारी जोरात आहे. म्हणजे काय, तर सासूबाईंनी सहा किलो ब्याडगी आणि दोन किलो संकेश्वरी मिरची आणवलीय, ह्यांनी महाद्वार रोडवरून भलीमोठी बॅग आणलीय आणि नणंदेनं स्वेटर विणायला घेतलाय. कागदांचं मात्र कुणी नाव काढत नाही. लेकीला विचारलं की म्हणते, "आई, सगळं ऑनलाइन असतंय." मला रात्रीची झोप नाही.

ज्यांची मुलं जाऊन आलीत किंवा जे स्वतः राहून आलेत त्यांनी सांगावं. आधी काय, मग काय? एजंट घेतलेला नाही. घ्यावा का?

गंगावेशीचा_गडी | १० मे, रात्री ११:०५

अभिनंदन वहिनी, नाद खुळा! बॅग तेवढी आधी परत करा. रिकामी किती भरते बघा काट्यावर. आमच्या पुतण्याची रिकामीच साडेपाच किलो भरली होती. तेवीस किलोतले साडेपाच बॅगेलाच गेले, मग चटणी काय खिशात नेणार?

लाइन_बाजार | ११ मे, सकाळी ७:४०

मी स्वतः वर्षभर इंग्लंडात शिकून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरेदी ऑगस्टमध्ये चार दिवसांत होते, ती विसरा. आधी डायनिंग टेबलावर एक वही घ्या आणि लेकीचं नाव कुठल्या कागदावर कसं आहे ते लिहून काढा. आपल्याकडं दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. कुठं आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. आधारवर आणखी तिसरंच. क्रम पुढंमागं असला तर फार बिघडत नाही, पण स्पेलिंग वेगळं असलं, एका ठिकाणी वडिलांचं नाव गायब असलं, की प्रत्येक टेबलावर खुलासा देत बसावं लागतं. माझ्या वडिलांच्या नावात पासपोर्टवर 'एस एच' होतं आणि बँकेत नुसतं 'एस'. त्या एका 'एच'पायी तीन वेळा बँकेच्या पायऱ्या झिजवल्या.

पासपोर्ट हाच पाया धरायचा. विद्यापीठाच्या पोर्टलवर, विमानाच्या तिकिटावर, कर्जाच्या मंजुरीपत्रावर पासपोर्टवर आहे तस्संच नाव. पासपोर्ट अजून काढला नसेल तर पुण्याला जाऊ नका, पोस्टातलं सेवा केंद्र कोल्हापुरात आहे.

दुसरं, तारखा उलट्या मोजा. वर्ग सप्टेंबरच्या शेवटी असतील तर व्हिसाचा अर्ज जुलैत गेलेला बरा. बाहेरून केलेल्या विद्यार्थी व्हिसाच्या अर्जाला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधी विद्यापीठाकडून 'कॅस' नंबर, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा क्रमांक, यावा लागतो. त्याआधी टीबीची तपासणी, कारण सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीय अर्जदाराला ती सक्तीची आहे. आणि ती गावातल्या कुठल्याही लॅबची चालत नाही, ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या क्लिनिकचीच लागते. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, त्यामुळं जूनमध्ये करून टाकलं तरी हरकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, २८ दिवस. उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस पडून असला पाहिजे. लंडनबाहेर हा खर्च महिन्याला १,१७१ पौंड धरतात, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा एकपासून. आणि २८वा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधी ३१ दिवसांत पडला पाहिजे. माझ्या रूममेटच्या वडिलांनी सत्ताविसाव्या दिवशी लाइटबिल त्याच खात्यातून भरलं होतं.

पंचगंगाकाठ | ११ मे, सकाळी ८:१५

अहो लाइटबिल!! आमचं लाइटबिल, गॅस, एलआयसी सगळं ह्यांच्या एकाच खात्यातून आपोआप कटतं.

लाइन_बाजार | ११ मे, सकाळी ८:२०

मग वेगळं खातं उघडा आणि त्याला हात लावू नका. मुदत ठेव असली तरी चालते, मोडता येण्यासारखी हवी.

काटकोन | ११ मे, दुपारी १:३०

मी हिशेबाच्या धंद्यात आहे, त्यामुळं पैशावर बोलतो. बाकीचं इतरांनी बोलावं.

एक, आपल्याकडं बहुतेक घरांत पैसा कुठं असतो? पतसंस्थेत, भिशीत, सोन्यात, नाहीतर प्लॉटात. व्हिसासाठी सोनं आणि प्लॉट कामाचा नाही. शेअर आणि पीएफही नाही. पतसंस्थेतली ठेव दाखवायच्या भानगडीत तर पडूच नका. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते आणि तिकडचा अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या बँकेत रक्कम वेळेत वळवा. मुदतीआधी ठेव मोडताना पतसंस्था कशी 'पुढच्या सोमवारी या' म्हणते ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणून जूनची वाट बघू नका. उसाचं बिल यायचंय, ते आलं की भरू, हा हिशेबही धरू नका.

दोन, कर्ज. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर असेल तर त्या रकमेला २८ दिवसांचा नियम लागत नाही, बँकेचं पत्र पुरतं. पत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. पण तारण मोठी अडचण असते. तुमच्या साहेबांची करवीर तालुक्यात शेती असेल, सात-बारा कोरा असेल, तरी शैक्षणिक कर्जाला शेतजमीन बहुतेक बँका तारण घेत नाहीत. घर, फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. त्याचं प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा, घरफाळ्याची पावती आणि बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट. आजोबांच्या नावचं घर असेल आणि वारसनोंद राहिली असेल तर आजच सिटी सर्व्हे ऑफिस गाठा. कर्जाला उशीर व्याजदरापायी होत नाही, चुलत्याच्या सहीपायी होतो. गेल्या वर्षी एका अशिलाचं कर्ज दोन महिने अडकलं, कारण एक चुलते पंढरपूरला वारीत होते आणि दुसरे रुसले होते.

तीन, पैसे पाठवताना. परदेशी शिक्षणासाठी पाठवलेल्या पैशावर आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच कापून घेते तो कर, नाही. मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांच्या खात्यातून विभागून पाठवता येतं. कर्जातून गेलेल्या फीवर टीसीएस नाहीच. वर जे कापलं जातं ते बुडत नाही, रिटर्न भरताना वळतं होतं, पण तोवर हातचा पैसा अडकतो.

चार, एक वटमुखत्यारपत्र वडिलांच्या नावे करून ठेवा. मुलगी मुख्य कर्जदार असते, पुढचा हप्ता सोडताना सही लागली तर ती लीड्सवरून येणार आहे का? बँकेला त्यांचाच मसुदा मागा. स्टँपवर तुमच्या मनानं काही लिहून नेलंत तर परत पाठवतात.

सीपीआर_चौक | ११ मे, रात्री ९:१०

एजंट घ्या हो. सगळं करून देतात, डोक्याला ताप नाही. आम्ही घेतला, एक रुपया दिला नाही.

रस्सा_मँचेस्टर | १२ मे, पहाटे ३:०५

दादा, रुपया तुम्ही दिला नाही, विद्यापीठानं दिला. कमिशन असतंय. त्यामुळं ज्या विद्यापीठाचं कमिशन जास्त ते 'तुमच्या प्रोफाइलला योग्य' ठरतंय.

माझ्या एजंटानं (नाव घेत नाही) व्हिसाचा सगळा अर्ज त्याच्या ईमेलवरून केला. आता पासपोर्टवरच्या स्टिकरऐवजी ई-व्हिसा असतोय. स्वतःचं ऑनलाइन खातं असतंय, त्याला पासपोर्ट जोडलेला असतोय, आणि घरमालकाला, नोकरी देणाऱ्याला त्यातूनच 'शेअर कोड' काढून द्यायचा असतो. माझा लॉगिन एजंटाच्या ईमेलला आणि ओटीपी त्याच्या मोबाइलला. मी इथं घरमालकाच्या दारात उभा, भारतात पहाटेचे चार, आणि एजंट झोपलेला. ताईला सांगा, ईमेल स्वतःचा, मोबाइल नंबर स्वतःचा, पासवर्ड स्वतःच्या वहीत.

अर्ज स्वतः करता येतो. सरकारी संकेतस्थळ सोपं आहे. इंजिनियर झालीय ना पोरगी?

सीपीआर_चौक | १२ मे, सकाळी ९:००

सगळे एजंट वाईट नसतात. आमचा चांगला होता. असो.

पंचगंगाकाठ | २० मे, रात्री ९:४५

वही केली. लाइन_बाजार, तुमचे उपकार.

पासपोर्ट, आधार, मार्कलिस्ट सगळं जुळलं. मग ह्यांच्या खात्यातले पैसे दाखवायचे तर बाप-लेकीचं नातं सिद्ध करायला जन्मदाखला लागतो, म्हणून तो काढला कपाटातून. त्यावर वडिलांचं नाव आहे, माझं आहे, दवाखाना आहे, तारीख आहे, लिंग 'स्त्री' आहे. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात बारीक आडवी रेघ.

बावीस वर्षं ती रेघ तशीच आहे. बारसं बाराव्या दिवशी झालं, दाखला चौथ्या दिवशी काढला होता. शाळेत घालताना मुख्याध्यापकांनी तारीख बघितली आणि परत दिला. कुणाच्याच लक्षात आलं नाही! सासूबाई म्हणाल्या, "मग तवर तिला काय म्हणत हुतो आम्ही?"

लाइन_बाजार | २० मे, रात्री १०:०२

ही रेघ अर्ध्या कोल्हापूरच्या दाखल्यांवर असते. घाबरू नका. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नाव नोंदवून मिळतं. जन्म ग्रामपंचायत हद्दीतला असेल तर ग्रामसेवकाकडं. मुदतीचे नियम असतात, म्हणून उद्याच जाऊन विचारा. शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट, दोघा पालकांचं प्रतिज्ञापत्र घेऊन जा. आणि नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत आहे ना बघा. नुसता मराठीत असेल तर भाषांतरकाराच्या सही-तारखेचं प्रमाणित भाषांतर लागेल. सोबत तुम्हा दोघांचं संमतीपत्र, की हा पैसा लेकीच्या शिक्षणाला वापरायला आमची परवानगी आहे.

शिरोली_नाका | २१ मे, सकाळी ६:३०

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगावी लागत नाही. व्हिसाच्या बायोमेट्रिकची तारीख पुण्याला असते. जुलै-ऑगस्टची घेतलीत तर आदल्या दिवशी निघायचं धरू नका.

२०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. २०१९ला माझ्या भाचीची तारीख पुण्यात, आणि आम्ही नाक्यावर ट्रकच्या रांगेकडं बघत उभे. तारीख बदलून मिळाली, पण विमानाचं तिकीट बदलायला पैसे गेले ते गेलेच.

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की ज्याला जायचंय त्यानं निघायचं, पुण्यात पाहुण्यांकडं दोन दिवस बसायचं. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. आणि तुम्ही नागाळा पार्कात! सगळे मूळ कागद आत्ताच वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या डब्यात. डिजिलॉकरवर आणि लेकीच्या ईमेलवर स्कॅन प्रती. पुरात भिजलेली मार्कलिस्ट वाळवून इस्त्री केलेली मी पाहिलीय. दिसते पापडासारखी.

पंचगंगाकाठ | २१ मे, सकाळी ६:५०

डबा वर नेला. धन्यवाद. मी तो विचारच केला नव्हता, आणि आम्हीच दोनदा पुरात बुडालोय.

मिरचीकांडप | २ जून, दुपारी ४:००

आता माझ्या विषयाकडं या!

कांदा-लसूण चटणी न्यायची असेल तर नेहमीची करू नका. नेहमीच्या चटणीत तळलेला कांदा आणि खोबऱ्याचं तेल सुटतं, आणि डब्यातून बाहेर येऊन कपड्यांना लागतं. परदेशाच्या चटणीला कांदा उन्हात चांगला कडकडीत वाळवून घ्यायचा, मग कमी तेलात भाजायचा. खोबरं निम्मं करा, मीठ थोडं चढं. डंकावरून आणली की कागदावर पसरून एक रात्र निवू द्या. गरम गरम भरली की आत घाम धरते आणि महिन्यात बुरशी. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या, हवा काढून सीलबंद, त्यावर दुसरी पिशवी, आणि मग जुन्या टॉवेलात. दोन किलो वर्षाला पुरते एकट्या माणसाला. सहा किलो मिरचीची चटणी कोण खाणार तिथं, अख्खं वसतिगृह?

तूप, पेढे, खव्याचं काही, सुकं मटण, हे अजिबात नको. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. कढीपत्ता चटणीत कुटून न्या.

भडंग नेऊ नका. जागा खातं नुसतं.

गंगावेशीचा_गडी | २ जून, दुपारी ४:२०

भडंग नेऊ नका?? जयसिंगपूरचं भडंग न नेता परदेशी जाणारा कोल्हापूरकर मी आजवर बघितला नाही.

मिरचीकांडप | २ जून, दुपारी ४:२५

कुरमुरे तिथं मिळतात हो. लसूण-मिरची-मेतकुटाचा मसाला वेगळा करून द्या, तिथं भडंग करेल.

गंगावेशीचा_गडी | २ जून, दुपारी ४:२६

माघार.

रस्सा_मँचेस्टर | ३ जून, रात्री १:१५

चटणीवरून आठवलं. कोल्हापुरात फोडणी म्हणजे धूर निघाला पाहिजे, ठसका लागला पाहिजे. इथं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात छताला एक पांढरी वाटी असते, धूर ओळखणारी. पहिल्याच रविवारी मी तांबड्या रश्श्याची फोडणी टाकली. तेलात चटणी पडली आणि बारा सेकंदांत भोंगा. पाच मजल्यांची पोरं थंडीत चपला घालून बाहेर. कोण पायजम्यात, एक मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून. अग्निशमनवाल्यानं माझं पातेलं बघितलं आणि विचारलं, "धिस इज डिनर?" तेव्हापासून मला मजल्यावर 'अलार्म' म्हणतात.

ताईला जायच्या आधी घरी सराव द्या. खिडकी उघडी, पंखा चालू, तेल मंद, चटणी गॅस बंद करून घालायची. चव तीच येते. आणि शेगडी विजेची असते, म्हणून सपाट बुडाचा इंडक्शनचा तीन लिटरचा कुकर, जास्तीची रिंग आणि शिट्टीचा व्हॉल्व्ह. प्लग तीन चौकोनी पायांचा असतो. दोन अडॉप्टर आणि एक आपला एक्स्टेंशन बोर्ड न्या, म्हणजे दोन्हींत सगळं भागतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही.

आणि प्लीज, डाळ-भात, पोळी, अंडं, एक रस्सा एवढं तिला तुमच्या मदतीशिवाय करू द्या. मला घरचे 'शिकवत' होते, म्हणजे आई करायची आणि मी शेजारी उभा राहून फोन बघायचो.

दाताचा_डॉक्टर | ५ जून, रात्री ८:३०

व्यवसायामुळं मी दातापासून सुरुवात करणार. अक्कलदाढ त्रास देत असेल तर जूनमध्येच काढून टाका, सप्टेंबरमध्ये नको. तिथं एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दातांच्या दवाखान्यात नव्या पेशंटला नंबर लागणं अवघड जातं आणि खाजगी महाग पडतं. चष्मा असेल तर दोन जोड आणि नंबरचा कागद.

आरोग्याचा सरचार्ज व्हिसासोबतच भरावा लागतो. विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या एमएस्सीला व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळतो, त्यामुळं दीड वर्षाचे १,१६४ पौंड धरा. लोक हा आकडा बजेटमध्ये विसरतात. तो भरल्यावर तिथं गेल्या-गेल्या जवळच्या जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवायचं. आजारी पडल्यावर नव्हे, पहिल्या आठवड्यात.

नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांची, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरच्या लेटरहेडवर औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी. लसीकरणाचं कार्ड शोधा. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस आणि मेनिन्जायटिसची एसीडब्ल्यूवाय लस विद्यार्थ्यांना घ्यायला सांगतात. लहानपणीचं पिवळं कार्ड सापडत नसेल तर सासूबाईंना विचारा, अशा गोष्टी त्यांच्या ट्रंकेत सापडतात.

पंचगंगाकाठ | ५ जून, रात्री ९:००

ट्रंकेतच सापडलं!! नाळेच्या पुडीशेजारी.

कागलचा_जर्मन | ९ जून, रात्री ११:४०

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण हा धागा पुढं कुणीतरी वाचेल. तिकडं २८ दिवसांऐवजी ब्लॉक्ड अकाउंट असतं. वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि महिन्याला ९९२ काढता येतात. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. रविवारी दुकानं बंद. मी पहिला रविवार मेतकूट आणि पाण्यावर काढलाय.

काटकोन | १० जून, सकाळी १०:१५

यावरून सुचलं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. धागा वाचणाऱ्या कुणाला लागू होत असेल तर समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. शाहू महाराजांच्या गावात राहून तिची माहिती नसलेले लोक भेटतात तेव्हा वाईट वाटतं.

लाइन_बाजार | १५ जून, रात्री १०:३०

राहण्याचं ठरलं का? विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज आत्ताच करा. बाहेर घर बघायचं असेल तर फोटो बघून कुणालाही पैसे पाठवू नका. 'मालक परदेशात आहे, चावी कुरिअरनं पाठवतो' म्हणाला की समजायचं. इंग्लंडात डिपॉझिट घेतल्यावर मालकानं ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, तो पुरावा मागून घ्यावा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिथला घरफाळा माफ असतो. विद्यापीठाकडून पत्र काढून पालिकेला द्यायचं, नाहीतर बिल येतं आणि माणूस घाबरतो.

कामाबद्दल: सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर नाही. आणि एमएस्सीवाल्यांचा उन्हाळा ही सुट्टी नसते, प्रबंध चालू असतो, तेव्हाही वीसच. 'उन्हाळ्यात फुलटाइम करून फी काढू' हा हिशेब आमच्या वेळी दोघांनी केला आणि दोघंही अडचणीत आले. पार्टटाइमच्या पैशावर खर्च चालतो, हप्ते नाही. हे घरी एकदा मोकळेपणानं बोलून घ्या. बापाला वाटतं पोरगी कमवेल, पोरीला वाटतं बाप पाठवेल.

पंचगंगाकाठ | १५ जून, रात्री ११:१०

आज जेवताना बोललो. कठीण गेलं, पण बोललो. महिन्याला किती पाठवणार तो आकडा वहीत लिहिला आणि दोघांनी खाली सही केली. हे सही करताना हसत होते, पण डोळे पुसत होते.

पंचगंगाकाठ | २ ऑगस्ट, रात्री १०:००

बरेच दिवस लिहायला जमलं नाही. जन्मदाखल्यावर नाव आलं (चार फेऱ्या). कर्ज घरावर झालं (चुलत सासरे सहीला आले, दोन दिवस राहिले, कोंबडं कापावं लागलं). २८ दिवस भरले. लाइटबिल मी रोख भरून आले. बायोमेट्रिकला शिरोली_नाका यांचं ऐकून दोन दिवस आधीच पुण्याला गेलो. पाणी आलं नाही, पण पाऊस बघून मला आत्याकडं बसल्या बसल्या शांत झोप लागली. व्हिसा आला. तिच्या स्वतःच्या ईमेलवर.

आता बारक्या गोष्टी. तिचा इथला मोबाइल नंबर बंद करायचा का?

काटकोन | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

अजिबात नाही! बँकेचे ओटीपी त्यावर येतात. छोट्यात छोट्या रिचार्जवर चालू ठेवा आणि जायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, तिथून सुरू करायला त्रास होतो. नोटा फार देऊ नका. नियमानं तीन हजार डॉलरइतकं परकीय चलन रोख नेता येतं, पण दोन-तीनशे पौंड आणि एक फॉरेक्स कार्ड पुरे.

उजळाईवाडी | ३ ऑगस्ट, सकाळी ८:००

कोल्हापूरहून विमानानं मुंबईला जाऊन तिथून पुढं जायचा विचार असेल तर सामान बघा. इथल्या छोट्या विमानात बहुतेक पंधरा किलोच, पुढं तेवीस किंवा जास्त. तिकिटं वेगवेगळी काढलीत तर वरच्या किलोंचे पैसे इथंच जातील. आमच्या मते महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. रात्री बसा, सकाळी मुंबईत. पण त्याच रात्रीचं विमान असेल तरच. सकाळचं असेल तर एक दिवस आधी.

सीपीआर_चौक | ३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

थंडीचा मोठा कोट इथूनच घ्या, तिथं महाग असतो.

रस्सा_मँचेस्टर | ३ ऑगस्ट, दुपारी २:००

नको. तिकडचा कोट इथल्या थंडीसाठी नसतो. सेकंडहँड धर्मादाय दुकानांत चांगले कोट स्वस्तात मिळतात. तिकडून दोन थर्मल, चांगला रेनकोट आणि बूट. छत्री वाऱ्यानं उलटी होते. स्वेटर तर आणूच नका, लोकरीचा हाताचा स्वेटर दीड किलो भरतो आणि मशीनमध्ये धुतला की बाहुलीला येतो.

आणि घड्याळ. आत्ता आम्ही इथं भारतापेक्षा साडेचार तास मागं आहोत, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेपाच. आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या रविवारी फोन तासभर उशिरा आला म्हणून घरात रडारड होते. आमच्याकडं झाली.

पंचगंगाकाठ | १६ सप्टेंबर, रात्री ९:१५

उद्या रात्रीच्या महालक्ष्मीनं निघतोय. मंडळी, बॅग (नवी, हलकी) आत्ता काट्यावर ठेवली. २४ किलो ३०० ग्रॅम. एक किलो तीनशे काढायचेत. चटणी दोन किलो, कुकर, औषधं, भडंगाचा मसाला, पुस्तक एकच. काय काढू?

मिरचीकांडप | १६ सप्टेंबर, रात्री ९:१८

चटणीला हात लावू नका.

लाइन_बाजार | १६ सप्टेंबर, रात्री ९:२०

टॉवेल, शांपू, साबण काढा. पहिल्या दिवशी तिथं मिळतं सगळं.

रस्सा_मँचेस्टर | १६ सप्टेंबर, रात्री ९:२४

स्वेटर काढा!! दीड किलोचा हिशेब तिथंच मिटला.

पंचगंगाकाठ | १६ सप्टेंबर, रात्री ९:४०

स्वेटर बॅगेत नाहीच. नणंद समोर बसलीय. पोरगी तो अंगात घालून मुंबईला जाणार आहे.